रवींद्र आठल्यांचा बदलता पत्ता

कुणाचा अपमान कशाने होईल ते सांगता येत नाही. टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या रवींद्र आठल्यांचा अपमान एका होम लोनवाल्याच्या जाहिरातीने झाला.

झालं असं, की महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आठल्यांनी ‘कढीपत्ता आणि मी’ असा एक ऐसपैस ललित लेख दिला होता. टेक्सासच्या थंडीत कढीपत्त्याची कुंडी कशी जगवावी, ती न जगल्यास मन कसं घट्ट करावं, असा एकूण विषय. अंकाचा संपादक केदार मूळचा पुण्याचा. त्याने लेखावर अशी काही कात्री चालवली, की छापून आला तेव्हा लेखाचा एक परिच्छेद शिल्लक होता. तोही पानाच्या तळाशी, आणि वर एका लोनवाल्या गृहस्थाचा टाय लावलेला, हसरा, भला मोठा फोटो. त्या हास्याखाली ‘रवींद्र आठल्ये’ हे नाव अशा बेताने आलं होतं, की दोघांनी फोन करून व्याजाचा दर विचारला.

“केदार, माझा बाकीचा लेख कुठे आहे?” आठल्यांनी मंडळाच्या पार्किंग लॉटमध्ये त्याला गाठून विचारलं.

“काका, जागाच नव्हती हो. पण गाभा ठेवलाय ना!”

आठल्ये केदारपेक्षा जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठे. गाभा ठेवल्याचं दुःख त्यांनी एक वेळ गिळलं असतं. ‘काका’ गिळणं अवघड होतं. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की यापुढे आपलं साहित्य दुसऱ्याच्या जागेत छापायचं नाही. आपली स्वतःची वेबसाइट काढायची.

घरी जेवताना त्यांनी हा निर्णय जाहीर केला, तेव्हा कन्या सिया फोनमधून मान वर न करता म्हणाली, “डॅड, जस्ट मेक अ फ्री ब्लॉग.”

“फुकटच्या जागेत जाहिराती असतात,” आठल्ये म्हणाले. जाहिरात हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की शोभनाताईंनी त्यांच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास सरकवला.

मग त्यांचे मित्र संजीव यांचा फोन आला. संजीव मूळचे नागपूरचे, दोन गल्ल्या सोडून राहतात, आणि कुणाच्याही घरात काहीही बिघडलं की सर्वांत आधी त्यांना कळतं. “क्लाउडवर टाक ना यार,” संजीव म्हणाले. “अर्ध्या तासाचं काम आहे.”

“क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर. मला माझं लेखन माझ्या घरात हवंय.”

हे ऐकायला फार भारदस्त वाटलं. आठल्यांनाही वाटलं. त्यांनी आयटीत उभी हयात काढली होती. हे खरं, की गेली कित्येक वर्षं त्यांचा आणि कॉम्प्युटरचा संबंध स्लाइड्स बनवण्यापुरता उरला होता, आणि त्याही हाताखालची मंडळीच बनवत. पण आखाडा सोडलेला पैलवानही दंडाकडे अधूनमधून पाहतोच.

तर सियाचा जुना डेस्कटॉप वर काढण्यात आला. त्याच्यावर शिंगवाल्या गुलाबी घोड्यांचे स्टिकर होते आणि ते काढू गेलं की रंग निघत होता. मोडेम जिन्याखालच्या कोटांच्या क्लॉजेटमध्ये होता, म्हणून सर्व्हरही तिथेच बसला. कोट बाहेर आले आणि गेस्टरूमच्या पलंगावर गेले. पलंग गेल्यामुळे शोभनाताईंच्या बहिणीचं न्यू जर्सीहून यायचं लांबणीवर पडलं. आठल्यांना या प्रकल्पाचा हा एक जमेचा भाग वाटला, पण ते बोलले नाहीत.

इथे थोडं तांत्रिक सांगणं भाग आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी आठल्यांच्या घरी जेवायला गेलेल्या पाहुण्यांचा विचार करावा. त्यांना हे पोळी हातात धरून ऐकावं लागलं. इंटरनेटवर प्रत्येक घराला आकड्यांचा एक पत्ता असतो. आपण वेबसाइटचं नाव टाइप करतो, त्या नावापुढे कुठेतरी पत्ता नोंदलेला असतो, आणि आपण बरोबर त्या घरी जाऊन पोचतो. पण साध्या गिऱ्हाइकाला कंपनी हा पत्ता कायमचा देत नाही, वापरायला देते. वीज गेली, मोडेम बंद पडला, किंवा नुसतं कंपनीच्या मनात आलं, की पत्ता बदलतो. आणि तुमचा जुना पत्ता आसपासच्या दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतात. म्हणजे तुम्ही दुपारची डुलकी काढून उठलात, तर घर तेच, माणसं तीच, पण दारावरचा नंबर बदललेला आणि तुमचं टपाल भलत्याच्याच घरात.

“त्याला उपाय आहे ना,” संजीव म्हणाले. “एक फुकट सर्व्हिस असते. एक छोटा प्रोग्रॅम तुझ्या मशीनवर बसते, पत्ता बदलला की तिकडे कळवते. झालं काम. टेन्शन नको घेऊ बे.”

आठल्यांनी तो प्रोग्रॅम बसवला, राउटरला योग्य त्या सूचना दिल्या, अयोग्य त्याही दिल्या, आणि एका रविवारी गराजमध्ये जाऊन, फोनचं वायफाय बंद करून, ‘कढीपत्ता’ हे आपल्या साइटचं नाव टाइप केलं. हिरव्या पानांच्या नक्षीत संपूर्ण लेख, एकही शब्द न कापता, फोनवर उमटला. लॉनमोवरच्या बाजूला उभं राहून आठल्यांनी स्वतःचा लेख स्वतःच्या घरातून मागवून वाचला आणि त्यांना भरून आलं.

“छान आहे,” शोभनाताई म्हणाल्या. “अक्षरं बारीक आहेत.”

भारतातल्या नातेवाइकांना लिंक गेली. सगळ्यांनी ती न उघडता हात जोडलेली चित्रं पाठवली. मंडळातल्यांनी मात्र उघडली असावी, कारण सल्ले आले. नीनाने सुचवलं की मागे बासरी वाजली पाहिजे. सरलाकाकू मुलाकडे राहायला आलेल्या, मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ. त्यांनी विचारलं की यात कढीपत्त्याच्या चटणीची कृती कुठे आहे. केदार म्हणाला, “काका, लेख जरा मोठा झालाय.” आठल्यांनी बासरी बसवली, चटणीचा विचार करतो म्हणाले, आणि केदारला उत्तर दिलं नाही.

साइटचं रीतसर उद्घाटन मराठी भाषा दिनाला करायचं ठरलं. शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेतला होता. मोठा पडदा, प्रोजेक्टर, समोर भरगच्च मंडळी, आणि सूत्रसंचालनाला, दुर्दैवाने, केदार. दुपारी एक वादळ येऊन गेलं होतं. टेक्सासचं वादळ म्हणजे अर्धा तास प्रलय आणि मग काही झालंच नाही असं ऊन. आठल्यांच्या घरी तेवढ्यात दिवे एकदा मिचकावले. मोडेम आपला आपण पुन्हा सुरू झाला आणि त्याला नवा पत्ता मिळाला. ही बातमी जगाला ज्याने कळवायची, तो छोटा प्रोग्रॅम गुलाबी घोड्यांच्या डेस्कटॉपवर होता. आणि डेस्कटॉप आपला आपण सुरू होत नसे. त्याचं बटण दाबावं लागे. ते दाबायला घरी कुणी नव्हतं, कारण सगळे उद्घाटनाला आले होते.

आठल्यांनी सिल्कचा कुर्ता सावरत छोटं भाषण केलं. साहित्यिकाला स्वतःचं घर असावं, त्या घराला स्वतःचा पत्ता असावा, असे काही विचार त्यांनी मांडले. मग सरलाकाकूंच्या हस्ते एंटर दाबण्यात आलं.

पडद्यावर काळं पान आलं. मधोमध ज्वाळांचं चित्र. त्याखाली लाल, ठळक, इंग्रजी अक्षरांत: ‘ब्रिस्केट. मांसाचं तापमान एकशे सत्त्याऐंशी. धूर: मध्यम.’

आठल्यांचा जुना पत्ता कंपनीने ज्याला दिला होता, त्या कुणा टेक्सनने आपली मांस धुरावर शिजवायची भट्टी इंटरनेटला जोडून ठेवली होती आणि तिला कुलूप लावलं नव्हतं.

“ओ माय गॉड,” मागून सियाचा आवाज आला, “दॅट्स समबडीज स्मोकर!”

सरलाकाकूंनी चष्मा नीट केला. “मांसाचं म्हणजे कशाच्या हो, रवींद्र?”

आठल्यांनी लॅपटॉप खाडकन मिटला. पण प्रोजेक्टर जरा मंद होता. त्याने शेवटचं चित्र तसंच धरून ठेवलं. मराठी भाषा दिनाच्या तोरणाखाली, सरस्वतीच्या फोटोशेजारी, गाईच्या छातीचं मांस शांतपणे शिजत राहिलं. केदारने माइक हातात घेतला.

“आठल्येकाकांचं लेखन इतकं मांसल असेल,” तो म्हणाला, “अशी संपादक म्हणून मला कल्पना नव्हती.”

लोक किती हसले हे सांगण्यात अर्थ नाही. पुढे जेवणाच्या रांगेतही, मसालेभात वाढताना, कुणीतरी “तापमान बघा हं” म्हणालंच. आणि घरी पोचल्यावर सरलाकाकूंचा फोन आला. त्यांनी कुतूहलाने साइट पुन्हा उघडली होती. “दोनशे तीनवर आलंय, रवींद्र,” त्या म्हणाल्या. “मला वाटतं झालं ते. कळवणार कुणाला?”

त्या घटकेला आठल्यांनी निश्चय केला: आता असा फिरता पत्ता नको. कायमचा पत्ता. त्याला इंग्रजीत ‘स्टॅटिक’ म्हणतात. त्यांनी इंटरनेट कंपनीला फोन लावला.

“आज आम्ही आपली काय मदत करू? थोडक्यात सांगा,” यंत्रातली बाई म्हणाली.

“स्टॅटिक ॲड्रेस,” आठल्ये म्हणाले.

“आपल्या लाइनवर स्टॅटिक, म्हणजे खरखर, ऐकू येत आहे. बरोबर?”

“नो! आय वॉन्ट स्टॅटिक!”

“समजलं. माणूस पाठवत आहोत.”

माणूस आला. त्याने भिंतीतल्या वायरी काढल्या, यंत्र लावलं, कान लावला, आणि समाधानाने सांगितलं, “सर, तुमच्याकडे अजिबात स्टॅटिक नाही.”

“तेच तर माझं दुःख आहे,” आठल्ये म्हणाले. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि समाधानाबद्दल पाच तारे द्यायची विनंती केली.

शेवटी एका जिवंत बाईंशी गाठ पडली. त्यांनी सांगितलं की कायमचा पत्ता फक्त व्यावसायिक गिऱ्हाइकांना मिळतो. आपला व्यवसाय काय?

“लिटरेचर,” आठल्ये म्हणाले.

“सॉरी?”

“लिटरेचर. आय राइट. अबाउट... वेल, अबाउट अ प्लांट.”

“ओ, प्लांट्स!” बाई खूश झाल्या. किबोर्ड वाजला. “लँडस्केपिंग. व्हेरी गुड. नाव ‘आठल्ये लँडस्केपिंग’ टाकू?”

इथे आठल्यांनी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. पण इतके दिवस यंत्राशी बोलून ते थकले होते, आणि एखाद्या कंपनीच्या नावात आपलं आडनाव ऐकून माणसाला क्षणभर जे वाटतं, ते त्यांनाही वाटलं. ते “शुअर” म्हणाले.

आता आठल्यांच्या लॉनविषयी. ते लॉन अर्धं वाळलेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात तण होतं. एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, हिने त्याबद्दल त्यांना आधीच ताकीद दिली होती. भारतातली सोसायटी पाण्याच्या टाकीवरून भांडते. इथली गवताच्या उंचीवरून. अशा त्या लॉनवर कंपनीची लांबलचक व्हॅन येऊन उभी राहिली. व्यावसायिक लाइनसाठी रस्त्यापासून घरापर्यंत चर खणण्यात आला. सगळीकडे नारिंगी झेंड्या रोवल्या गेल्या, आणि जाताना त्या मंडळींनी कौतुकाने दाराला एक रंगीत फलक अडकवला: ‘स्वागत, आठल्ये लँडस्केपिंग!’

फलक काढायच्या आत समोरच्या घरातल्या बाईंनी येऊन झुडपं कापायला किती घेता म्हणून विचारलं. आठल्यांनी नम्रपणे सांगितलं की ते साहित्यिक आहेत. बाई म्हणाल्या की त्यांना आठवड्यातला कुठलाही वार चालेल.

आणि मग एचओएची नोटीस आली. निवासी वस्तीत व्यवसाय चालवणं, त्यायोगे वस्तीत ट्रॅफिक वाढवणं, आणि विनापरवाना झेंड्या. सुनावणीला हजर राहावं.

“सांगून टाक चूक झाली म्हणून, लाइन परत कर, मिटलं,” शोभनाताई म्हणाल्या.

“चूक कसली? तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“कुठलं तत्त्व?”

आठल्यांना ते चटकन आठवलं नाही. संजीव यांनी मात्र वकिली सल्ला दिला. “तू एकच सिद्ध कर यार, की धंदा नाही आणि ट्रॅफिक नाही. साइटवर कोण कोण येते त्याची नोंद मशीनवर असतेच ना? ती दाखव. विषय कट.”

हा सल्ला ऐकून आठल्यांनी घाईने विषय बदलला. कारण ती नोंद त्यांनी अजून कुणालाच दाखवली नव्हती. कुणी विचारलं, तर ‘प्रतिसाद चांगला आहे, परदेशातूनही वाचतात’ असं ते मोघम सांगत.

सुनावणी तलावाशेजारच्या क्लबहाउसमध्ये होती. टेबलामागे एचओएचे अध्यक्ष गॅरी हचिन्स बसले होते. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिश्यांचे, प्रत्येक वाक्याआधी कागद सरळ करणारे. शेजारी दोन सभासद आणि सभेचा वृत्तांत टिपून घेणाऱ्या सेक्रेटरी. बघ्यांच्या खुर्च्यांवर बरेच शेजारी होते. अशा गोष्टींना गर्दी होते. कोपऱ्यावरच्या घरातल्या पेगी म्हणून वयस्क बाई विणकाम घेऊन आल्या होत्या. संवाद अर्थातच इंग्रजीत झाला.

“मिस्टर आठली,” हचिन्स म्हणाले, “आपण लँडस्केपिंगचा व्यवसाय करता का?”

आठल्ये छाती फुगवून, साहित्य या विषयावर बोलायला उभे राहिले, तोच शोभनाताई उठल्या. त्यांनी फोनवर आपल्याच लॉनचा फोटो काढून आणला होता. तो त्यांनी शांतपणे टेबलावर ठेवला.

तिघांनीही तो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग तो सेक्रेटरींकडे गेला.

“माझ्या नवऱ्याला,” शोभनाताई म्हणाल्या, “झाडांमधलं काहीही कळत नाही.”

“हे बोर्डाला मान्य आहे,” हचिन्स म्हणाले. मागे कुणीतरी टाळी वाजवली. समोरच्या बाईंनी झुडपांची आशा सोडल्याचा एक सुस्कारा टाकला.

“आता या व्यावसायिक लाइनवरची वेबसाइट,” हचिन्स पुढे म्हणाले. “तिच्यावर किती लोक येतात?”

आठल्यांच्या आयुष्यातला हा एक विलक्षण क्षण होता. किती लोक येतात हे कुणीतरी विचारावं, चारचौघांत विचारावं, म्हणून तर हा सारा खटाटोप केला. आणि विचारलं, तेव्हा यातून सुटायचं तर उत्तर असं द्यायला हवं होतं, की आता कुणीच येत नाही. त्याहून वाईट म्हणजे, ते उत्तर खरं होतं.

“फारसे... नाही,” ते म्हणाले.

“फारसे म्हणजे? आम्हाला ट्रॅफिकची खातरी करायची आहे.”

आठल्यांनी लॅपटॉप उघडून नोंद दाखवली. हचिन्स ओळीवर बोट ठेवत, विम्याचा दावा तपासावा तसे तपासत गेले. “हे कोण? रोज येतात.”

“तो रोबोट आहे. सर्च कंपन्यांचा. तो सगळीकडेच जातो.”

“आणि हे?”

“तोही रोबोट. तो कुलूप उघडं आहे का ते पाहतो.”

“हे मात्र माणूस दिसतंय. प्लेनोहून, दुपारच्या सुटीत, नेमाने येतात.”

आठल्यांनी खोकून घसा साफ केला. “ते माझं ऑफिस आहे. तो मी.”

पेगीबाईंनी विणायचं थांबवलं. सेक्रेटरींनी हळूच आपल्या पुढ्यातला टिश्यूचा डबा आठल्यांच्या दिशेने ढकलला.

“एकही माणूस नाही?” हचिन्सनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात अध्यक्षपण उरलं नव्हतं.

“मागे एकदा बरेच आले होते,” आठल्ये म्हणाले. “पण ते ब्रिस्केटसाठी आले होते.”

हचिन्सनी हे नीट ऐकलं आणि समोरचे कागद पुन्हा एकदा सरळ केले. निकाल एकमताने आठल्यांच्या बाजूने लागला. सेक्रेटरींनी तो तिथल्या तिथे वाचून दाखवला: ‘श्री. आठली यांच्याकडे कोणताही व्यवसाय नाही, व्यवसायाला लागणारं कौशल्य नाही, आणि त्यांच्या वेबसाइटला कोणीही भेट देत नाही, याबद्दल बोर्डाची पूर्ण खातरी पटली आहे. व्यावसायिक लाइन परत करावी. चर बुजवावा.’ लोक येऊन हात मिळवून गेले. एका गृहस्थाने आठल्यांच्या खांद्यावर थोपटलं. खटला जिंकून इतकं दुःखी होणारा माणूस त्या क्लबहाउसने पाहिला नसेल.

गाडीत बसल्यावर शोभनाताईंनी सीटबेल्ट लावला. मग म्हणाल्या, “रवी, दुपारी डबा खाताना वाचतोस तू?”

“अक्षरं बारीक आहेत का ते बघतो,” आठल्ये म्हणाले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण एचओएच्या सेक्रेटरीबाई कामाला चोख. त्यांनी सभेचा वृत्तांत वस्तीतल्या घरोघरी ईमेलने पाठवला, आणि ‘कोणीही भेट देत नाही’ या शब्दांखाली, पुरावा म्हणून, वेबसाइटची लिंक जोडली.

जिथे कुणीच जात नाही अशी जागा दाखवली, की माणसाचे पाय तिकडे वळतातच. शनिवारी सकाळी वस्तीतली झाडून सगळी मंडळी कॉफीचा मग हातात धरून त्या लिंकवर गेली. जिन्याखालून घरघर ऐकू येऊ लागली. मग ती वाढली.

“डॅड,” सिया ओरडली, “द क्लॉजेट इज हॉट!”

आठल्ये धावले. नोंदीच्या ओळी भराभर सरकत होत्या. ही सगळी माणसं होती, चालतीबोलती, शेजारची! त्यांनी टेबलफॅन आणून क्लॉजेटच्या तोंडाशी लावला, दार धरून उभे राहिले, आणि सर्व्हरला “हो, हो, शाबास” असं काहीतरी म्हणू लागले. बासरी एकाच वेळी इतक्या घरांत वाजायची त्याला सवय नव्हती. थोड्याच वेळात गुलाबी घोड्यांमागून एक दीर्घ उसासा आला आणि पंखा थांबला. पुन्हा बटण दाबेपर्यंत मंडळी कॉफी संपवून लॉन कापायला गेली होती. आठल्यांनी ती नोंद मात्र पुन्हा पुन्हा वाचली.

सोमवारी ऑफिसातून येताना ते टपालपेट्यांपाशी थांबले, तर पेगीबाई कुत्र्याला घेऊन उभ्या होत्या.

“मी तुझं ते वाचलं,” त्या म्हणाल्या. “करी ॲड्रेस.”

आठल्यांना आधी कळेना. मग उलगडा झाला. बाईंच्या फोनने मराठीचं आपोआप इंग्रजी केलं होतं, आणि कढीपत्त्याचा पत्ता म्हणजे पान हे न समजून त्याने सरळ ॲड्रेस करून टाकला होता. म्हणजे बाईंनी अख्खा लेख असा वाचला होता, की एक माणूस आपला ॲड्रेस कुंडीत लावतो, त्याला पाणी घालतो, थंडी पडली की उचलून गराजमध्ये नेतो.

“ते पान आहे,” आठल्ये घाईने म्हणाले. “स्वयंपाकात घालतात ते. मशीनची चूक आहे.”

“असं होय? मला तर काही चुकल्यासारखं वाटलं नाही.” पेगीबाईंनी कुत्र्याची दोरी दुसऱ्या हातात घेतली. “तुझा तो मित्र सिएटलला जाताना कुंडी तुझ्या दारात ठेवून जातो, आणि तू त्याला फोन करून सांगत नाहीस की ते झाड मेलं, तसंच दुसरं आणून लावतोस. ते मी दोनदा वाचलं. माझ्या शेजारच्या घरात किती कुटुंबं आली आणि गेली. प्रत्येक जण जाताना काहीतरी मला देऊन जातो. मागच्या अंगणात जागा नाही आता.”

केदारने लेखातून नेमका तोच भाग कापला होता. आठल्यांनी हातातलं टपाल उगाच चाळलं.

“पुढचं कधी येणार?” पेगीबाईंनी विचारलं.

“लवकरच,” आठल्ये म्हणाले. “याच आठवड्यात.”

घरापर्यंतचं अंतर ते जवळजवळ पळतच आले. बूट न काढता लॅपटॉप उघडला. साइट अतिशय परिपूर्ण होती. तिला मजबूत कुलूप होतं, हिरवी नक्षी होती, बासरी होती, लहान-मोठ्या अक्षरांची सोय होती, ‘लेखकाविषयी’ होतं, ‘संपर्क’ होता, रोजच्या रोज सगळ्याची दुसरी प्रत ठेवायची व्यवस्था होती. आणि लेख एक होता. दिवाळीपासून आजपर्यंत आठल्यांनी एक ओळही लिहिली नव्हती. वेळ कुठे होता?

त्यांनी लॅपटॉप मिटला. सियाच्या प्रिंटरमधले चार कागद ओढून घेतले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, आणि बराच वेळ पेनाचं टोपण चावलं. मग कापलेल्या झुडपांची वाट बघणाऱ्या एका बाईंविषयी एक वाक्य लिहिलं. ते खोडलं. पुन्हा लिहिलं. या वेळी ते बरं वाटलं, म्हणून दुसरं लिहिलं.

बाहेर कंपनीची व्हॅन येऊन व्यावसायिक लाइन काढत होती आणि चर बुजवत होती. तेवढ्यात वरून सियाची किंकाळी आली, “डॅड! द इंटरनेट्स डाउन!”

“अरे रवी, नेट गेलंय,” ओट्यापाशी कोथिंबीर निवडत शोभनाताई म्हणाल्या. “तुझा पत्ता बदलला असेल बघ पुन्हा. बघतोयस ना?”

“बदलू दे,” आठल्ये मान वर न करता म्हणाले, आणि तिसरं वाक्य लिहू लागले.

शोभनाताईंचा हात थांबला. त्यांनी तो पदराच्या नसलेल्या टोकाऐवजी नॅपकिनला पुसला, टेबलापाशी आल्या, आणि आठल्यांच्या कपाळाला लावून पाहिला.